ऐरोलीत निपाहचा रुग्ण सापडला तर? साथ कुठे सुटते आणि कुठे धरता येते

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: केरळात निपाहची, म्हणजे वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या विषाणूची, बातमी आली की आमच्या सोसायटीत वटवाघळांचं झाड तोडा म्हणून ओरड सुरू होते. नवी मुंबईत मल्याळी कुटुंबं भरपूर आहेत, नेत्रावती एक्स्प्रेस पनवेललाही थांबते आणि ठाण्यालाही. शंभरातली चाळीस ते पंच्याहत्तर माणसं मारणारा आजार लोकलच्या गर्दीत शिरला तर दोन दिवसांत सगळीकडे जाणार नाही का? लस नाही, हमखास औषध नाही, मग तो आवरतात तरी कसा?

ताई, ठाणे जिल्ह्यात साथरोगांच्या सर्वेक्षणाचं काम मी एकवीस वर्षं केलं. तुमच्या प्रश्नातली भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी बसली आहे. म्हणून आधी लोकलचं बोलतो.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या वस्तीत सरासरी १२ ते १८ जणांना लागण देतो. तो हवेत तरंगतो, माणूस खोलीतून निघून गेल्यावरही काही काळ तिथेच राहतो. २०२२ च्या अखेरीस भिवंडीत आणि गोवंडीत मुलं कशी एकामागून एक पडत गेली ते आपण पाहिलं. निपाहचा हाच आकडा एकापेक्षा कमी आहे. तो जवळच्या माणसाला लागतो: पाणी पाजणाऱ्याला, ओकारी पुसणाऱ्याला, खोकताना पाठीला हात देणाऱ्याला. आणि रुग्णाच्या अंगातून विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो आजार बळावल्यावर. तोवर माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, ठाणे-वाशी लोकल पकडायच्या अवस्थेत नसतो. कोविडने आपल्याला जेरीस आणलं कारण तिथे ठणठणीत दिसणारा माणूस लक्षणं येण्याआधीच लागण देत हिंडत होता. २००३ चा सार्स आठवा. तोही कोविडचाच भाऊबंद, मारण्यात जास्त कडक, पण ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यूंवर थांबला. जुलै २००३ पर्यंत तो लशीशिवाय आटोक्यात आला, कारण त्याची लागणही आजार चढल्यावरच जोरात व्हायची. आजारी माणूस ओळखून वेळेवर बाजूला काढला की साखळी तुटायची.

म्हणजे आजार किती मारतो आणि किती पसरतो, हे दोन वेगळे हिशेब आहेत. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते आणि लोकांचा जीव घाबरा होतो.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. सरासरी फसवते. ‘एकापेक्षा कमी’ म्हणजे प्रत्येक रुग्ण अर्ध्या माणसाला लागण देतो असं नाही. बहुतेक रुग्ण कोणालाच देत नाहीत आणि एखादाच डझनभरांना देतो. २०१८ च्या मे महिन्यात कोझिकोडला नेमकं हेच झालं. पहिला तरुण गेला तेव्हा निदान झालेलंच नव्हतं. तो आधी एका छोट्या रुग्णालयात होता, तिथून मोठ्या रुग्णालयात नेला, तिथे सीटी स्कॅनसाठी बाहेरच्या जागेत थांबला, खोकत होता. आजूबाजूला दुसऱ्याच कामांसाठी आलेली माणसं, त्यांचे नातेवाईक, कर्मचारी. त्या उद्रेकातल्या रुग्णांपैकी बहुतेकांची साखळी या एका तरुणापर्यंत जाऊन पोहोचते. प्रयोगशाळेत १८ जणांची निश्चिती झाली, त्यातले फारच थोडे वाचले. त्याची शुश्रूषा करणाऱ्या लिनी पुतुश्शेरी या परिचारिका २१ मे रोजी गेल्या. घरी दोन लहान मुलं होती. त्यांचं नाव आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी घेत असे, आणि दर वेळी आवाज स्थिर ठेवायला कष्ट पडत.

त्याआधी २००१ साली सिलिगुडीत ६६ जण आजारी पडले, ४५ गेले. तिथेही बहुतेकांचा धागा रुग्णालयांशी जुळत होता: कर्मचारी, भेटायला आलेले, शेजारच्या खाटेवरचे. तो निपाह होता हे साठवून ठेवलेल्या नमुन्यांवरून काही वर्षांनी कळलं. साथ चालू असताना आपण कशाशी झुंजतोय हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हतं.

तेव्हा ताई, असा आजार आपल्याकडे आला तर मला लोकलच्या डब्याची धास्ती वाटणार नाही. मला धास्ती वाटेल दवाखान्याच्या बाकड्याची. आपल्याकडे रुग्ण कसा फिरतो ते बघा. घणसोलीत ताप आला की आधी गल्लीतले फॅमिली डॉक्टर. दोन दिवसांत उतरला नाही की नाक्यावरचं नर्सिंग होम. तिथे गुंगी आली की ‘मोठ्या ठिकाणी न्या’ म्हणून वाशी नाहीतर कळवा. तिथून पुन्हा मुंबई. प्रत्येक ठिकाणी रिक्षा, व्हीलचेअर, केसपेपरची रांग, एक्स-रेची रांग, आणि रात्री खाटेखाली चटई टाकून झोपलेला भाऊ. चार दवाखाने म्हणजे विषाणूला मिळालेल्या चार संधी. आणि या चारही ठिकाणी सर्वांत जवळ जाणारी माणसं कोण? चादर बदलणाऱ्या मावशी आणि स्ट्रेचर ढकलणारे मामा. ती बहुतेक कंत्राटी, पाळी बदलली की दुसऱ्या वॉर्डात, कधी दुसऱ्याच रुग्णालयात. संपर्काची यादी करताना डॉक्टर आणि सिस्टर लगेच आठवतात, मावशींचं नाव तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं. मी ही चूक होताना इतक्या वेळा पाहिली आहे की पुढे पुढे यादी मावशींपासूनच सुरू करायला लावायचो.

साथ धरायची पहिली जागा म्हणूनच डॉक्टरची खुर्ची. त्यांनी काय विचारायचं? ताप, सोबत गुंगी किंवा झटके किंवा दम लागणं, आणि गेल्या २१ दिवसांत प्रवास कुठे झाला, एवढं बहुतेक जण विचारतात. मी त्यात आणखी एक प्रश्न घालायला सांगतो: घरात, शेजारी किंवा ज्या दवाखान्यात जाऊन आलात तिथे कोणी असंच आजारी पडलं होतं का, कोणी गेलं का? कोझिकोडला निदान झालं ते या धाग्यानेच. पहिल्या तरुणाचा भाऊ तशीच लक्षणं घेऊन आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना खटकलं. त्यांनी नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने शिक्कामोर्तब केलं. पहिला रुग्ण बहुतेक वेळा सुटतोच, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. एका घरातला दुसरा रुग्ण मात्र सुटता कामा नये.

आपल्याकडे हे अवघड का, तेही सांगतो. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात ताप आणि गुंगी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण दुसऱ्याच कशाचा तरी असतो: डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, क्षयाचा मेंदूज्वर. आपल्या राज्याचे स्वतःचेही विषाणू आहेत. चांदीपुरा हा १९६५ साली नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात सापडला, तो मुलांचा मेंदू गाठतो. सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ मध्ये माकडतापाने माणसं दगावली. या गर्दीत निपाह शोधायचा तर प्रत्येक तापाच्या रुग्णाला संशयित म्हणून चालणार नाही आणि ‘आपल्याकडे कुठला निपाह’ म्हणूनही चालणार नाही. म्हणून संशयित कुणाला म्हणायचं याची एक लेखी व्याख्या ठरवतात आणि जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या दवाखान्यांत तीच वापरतात. कंटाळवाणं काम आहे, पण व्याख्या चुकली की पुढचं सगळं चुकतं. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरांच्या फार्मवरची माणसं मरू लागली तेव्हा तो जॅपनीज मेंदूज्वर समजून डासांवर फवारण्या झाल्या, लसी टोचल्या. तो आजार प्रामुख्याने मुलांना होतो, आणि इथे पडत होती डुकरं हाताळणारी मोठी माणसं. ही विसंगती डोळ्यांसमोर असून महिने गेले. मार्च १९९९ मध्ये चुआ काव बिंग या डॉक्टरांनी नवा विषाणू वेगळा काढला, सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळालं. तोवर आजार पसरला होता: एकूण सुमारे २६५ रुग्ण, १०५ मृत्यू, दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली.

संशय आला की नमुना पुण्याला जातो. पाषाणला विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षेची, म्हणजे बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. ठाण्याहून पुणे जवळ, हे आपलं भाग्य. पण रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. संशय आला त्या क्षणी रुग्ण वेगळ्या खोलीत, दार बंद, आत जाणारी माणसं मोजकी आणि ठरलेली, एन-९५ मास्क, गाऊन, हातमोजे, चष्मा, आणि दारावर नोंदवही. ती नोंदवही मला पीपीई किटाइतकीच मोलाची वाटते. कोण कधी आत गेलं हे तिच्यात असलं तर उद्याची अर्धी यादी आजच तयार असते. या विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, साध्या साबणाने आणि ब्लीचिंगच्या पाण्याने ते फाटतं. फरशी, खाटेचे गज, दाराच्या कड्या नीट पुसणाऱ्या मावशींना हातमोजे देण्याइतकं स्वस्त आणि परिणामकारक दुसरं काही नाही.

मग येते यादी. कॉन्टॅक्ट ट्रेसिंग हा शब्द कोविडमध्ये इतका घासला गेला की त्यातला जीव निघून गेला. कोविडच्या लाटेत ते काम माणसांच्या हाताबाहेर गेलं होतं, म्हणून लोकांना वाटतं की त्याला अर्थच नाही. निपाह किंवा इबोलासारख्या आजारात तेच मुख्य हत्यार आहे. रुग्णाला ताप आल्यापासून तो कुठे गेला, कुणाच्या किती जवळ होता, हे तासातासाने काढायचं. सापडलेल्या प्रत्येकावर २१ दिवस नजर ठेवायची, दिवसातून दोनदा ताप मोजायचा, आणि ताप आला तर तो पुढच्या कुणाला भेटण्याआधी त्याच्या दारात पोहोचायचं. कोझिकोडला अडीच हजारांहून अधिक माणसांवर अशी नजर ठेवली होती.

आणि हे गर्दीच्या शहरात जमतं का, म्हणाल तर नायजेरियातल्या लागोसचं उदाहरण घ्या. २० जुलै २०१४ ला इबोलाचा रुग्ण विमानाने तिथे उतरला. शहराची वस्ती कोटी-दोन कोटींच्या घरातली, सरकारी डॉक्टर संपावर. डॉ. स्टेला अडाडेवो यांनी संशय आल्यावर त्या रुग्णाला रुग्णालयातून सोडायला नकार दिला. तो राजनैतिक पातळीवरचा माणूस होता, वरून दबाव होता, तरी त्या ढळल्या नाहीत. त्यांनाच लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्या गेल्या. मागे राहिलेल्यांनी पोलिओ मोहिमेची सगळी माणसं आणि यंत्रणा या कामाला जुंपली, ८९४ संपर्क शोधले, सुमारे १८,५०० वेळा घरोघर जाऊन भेटले. संपूर्ण नायजेरियात २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर. त्याच साथीत पश्चिम आफ्रिकेतल्याच दुसऱ्या तीन देशांत अकरा हजारांहून अधिक माणसं मेली. पोलिओच्या मोहिमेत तुमच्या दारावर खडूने खूण करून जाणाऱ्या आशाताई आठवतात? ठाण्याची, नवी मुंबईची खरी फळी तीच आहे.

पण यादी माणसं देतात, आणि माणसं यादी सहज देत नाहीत. हे मी २०२० च्या एप्रिलमध्ये शिकलो. वाशीच्या बाजारात हमाली करणारा एक माथाडी कामगार पॉझिटिव्ह आला, राहायला कोपरखैरणेला. मी घाईत होतो, सोबत पोलीस हवालदार घेऊन गेलो. त्याने दोनच नावं सांगितली: बायको आणि सख्खा भाऊ. बाजारात कुणाशी संबंध नाही म्हणाला. पाठीवर गोणी टाकणारा माणूस एकटा काम करतो यावर माझा विश्वास बसला नाही, पण हवालदारासमोर तो पुढे तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो, त्याच्याकडे न जाता मुकादमाकडे. टोळी चौदा जणांची होती. एकाच गाडीवर काम, एकाच ठिकाणी डबे उघडायचे, पाण्याचा एकच कॅन. नावं दिली असती तर चौदाही घरी बसले असते, चौदा घरांची हजेरी बुडाली असती, आणि पुढे टोळीत त्याचं तोंड कुणी पाहिलं नसतं. तो खोटं का बोलला हे मला तिथे त्या ओट्यावर बसून समजलं. आम्ही स्थानिक मंडळाच्या मुलांकडून चौदा घरांत शिधा पोचवायची व्यवस्था केली, तेव्हा चौदाही नावं मिळाली. त्यातल्या तिघांना ताप होता. माझ्या हवालदारामुळे एक दिवस गेला. निपाह असता तर त्या एका दिवसाची किंमत काय झाली असती, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

सक्तीने साथ आवरत नाही हे महाराष्ट्राला कुणी नव्याने सांगायला नको. प्लेग हा जिवाणूचा आजार, पण माणसांचं वागणं तेच. १८९७ मध्ये पुण्यात सोल्जर घरात शिरून रुग्ण ओढून नेऊ लागले तेव्हा लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले, प्रेतं गुपचूप हलवली. आजही आपण साथीत जो कायदा लावतो तो त्याच वर्षी झालेला आहे. त्यातले अधिकार कधीकधी लागतात, मी स्वतः वापरले आहेत. पण ज्या घरात शिधा, दूध आणि औषधं वेळेवर पोचतात तिथे पोलिसाची गरज पडत नाही. म्हणून तुमच्या ग्रुपवर ‘अमक्या विंगमधले केरळला जाऊन आलेत’ असा निरोप फिरला तर तो तिथेच थांबवा. असा एक निरोप वाचून ते कुटुंब उद्या ताप आला तरी सांगणार नाही, गुपचूप लांबच्या दवाखान्यात जाईल, आणि आमच्या हातातला धागा तुटेल.

मृतदेहाबद्दलही थोडं. विषाणू माणसासोबत लगेच मरत नाही, त्यामुळे अंघोळ घालणं, तोंडावरून हात फिरवणं टाळावं लागतं. घरच्यांसाठी हे फार क्रूर असतं. कोझिकोडला कुणी पुढे येईना तेव्हा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने स्वतः उभं राहून अंत्यविधी केले. घरच्यांना लांबून का होईना दर्शन द्यावं, त्यांच्या धर्माचे शब्द उच्चारू द्यावेत. यात संसर्गाचा धोका नाही, आणि याने जो विश्वास मिळतो तो पुढच्या घराचं दार उघडतो.

आता तुमचं झाड. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत हा विषाणू राहतो हे खरं आहे, आणि ते फक्त केरळापुरतं नाही. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्याच विषाणू संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. तरी आपल्या राज्यात त्यातून माणसांत उद्रेक झालेला नाही. झाड तोडलं, फटाके लावले तर वटवाघळं मरत नाहीत, बिथरून दुसऱ्या वस्तीत जातात, आणि ताणाखालच्या वटवाघळांच्या लघवीतून, लाळेतून विषाणू जास्त बाहेर पडतो असा अभ्यासकांचा अंदाज आहे. येऊरच्या जंगलात आणि आपल्या जुन्या झाडांवर ती पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अंतर राखलं की पुरे. चोचवलेलं, अर्धवट खाल्लेलं जांभूळ, पेरू, आंबा मुलांनी उचलू नये. बाकीची फळं धुऊन, सोलून खावीत. झाडाखालची विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी मारून मग काढावी, आणि सफाईवाल्या दादांना मास्क आणि हातमोजे सोसायटीने द्यावेत. आणखी एक, जे शहरात कुणी बोलत नाही: बांगलादेशात निपाह बहुतेक वेळा खजुराच्या कच्च्या रसातून येतो, कारण रात्री वटवाघळं मडक्याशी रस चाटायला येतात. आपल्याकडे पालघर-डहाणूकडून येताना रस्त्याला नीरा-ताडी मिळते. मडकं रात्रभर उघडं होतं की झाकलेलं, हे विक्रेत्याला विचारा. झाकलेलं नसेल तर पिऊ नका.

आणि समजा, घरातलं कुणी उद्रेक चालू असलेल्या भागातून आलं आणि तीन आठवड्यांच्या आत ताप भरला. सामान्य ताप असण्याचीच शक्यता जास्त. तरी रिक्षात घालून दवाखान्याच्या रांगेत नेऊ नका. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवा, शुश्रूषेला एकच माणूस, त्याला मास्क. आधी १०४ वर किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फोन करून ‘अमुक ठिकाणाहून आलेत, अमक्या दिवसापासून ताप आहे’ एवढं सांगा आणि कुठे, कोणत्या दाराने आणायचं ते विचारा. फोन ठेवल्यावर एक कागद घ्या आणि ताप आल्यापासून घरात, रिक्षात, दुकानात कोण कोण जवळ आलं ते आठवेल तसं लिहायला लागा. आमचा माणूस दारात येईल तेव्हा सगळ्यात आधी तो हाच कागद मागेल. कामवाल्या मावशींचं नाव त्यात घालायला विसरू नका.